देवयानीचा शाप आणि सर्पदंशावरचा ‘मंत्र’

भुदरगड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर पाठवला आणि खाली लिहिले, ‘पावसाळा आहे, सगळ्यांनी पाठ करून ठेवा.’ तोच मजकूर कोल्हापुरातल्या इतर ग्रुपवरही फिरतो आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे. त्यातील दावे असे: देवयानीच्या शापाने तिच्या वडिलांची, म्हणजे असुरांचे गुरू शुक्राचार्यांची, मेलेल्याला जिवंत करणारी मृतसंजीवनी विद्या कायमची निष्फळ झाली, त्यामुळे पुढे एकही असुर पुन्हा जिवंत झाला नाही, एका स्त्रीच्या सूडाने जगाचे हे नुकसान केले, आणि सोबतचा ‘शापविमोचन मंत्र’ १०८ वेळा म्हटल्यास साप चावून मेलेला माणूसही उठून बसतो.

हे लिहिणाऱ्याने महाभारत उघडण्याचीही तसदी घेतलेली नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा आदिपर्वाच्या ७१ आणि ७२ व्या अध्यायांत आहे. देवांनी ही विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे पाठवलेल्या कचाने लग्नाला नकार दिल्यावर देवयानी त्याला म्हणते की, ही विद्या तुला फळणार नाही. कच उत्तर देतो की, मला न फळो, पण मी ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. म्हणजे शाप विद्येला नसून एकट्या कचाला आहे, आणि पुढच्याच अध्यायाच्या आरंभी कचाकडून ती विद्या शिकून देव कृतार्थ झाले, असे स्पष्ट सांगितले आहे. शुक्राचार्यांच्या विद्येला तर या शापाचा स्पर्शही होत नाही. असुरांचे नुकसान झाले ते इतकेच, की जे फक्त त्यांच्या गुरूकडे होते ते आता देवांकडेही गेले.

सूडाचा आरोप तर संतापजनक आहे. असुरांनी कचाला मारले तेव्हा वडिलांकडे हट्ट धरून त्याला जिवंत करायला लावणारी देवयानीच होती. शिवाय कचानेही तिला उलट शाप दिला, की कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. हे मात्र मजकुरातून सोयीस्करपणे गाळले आहे. आधार म्हणून खांडेकरांच्या ‘ययाति’चे नाव दिले आहे. कोल्हापूरकरांना तिचा अभिमान वाटणे योग्यच, परंतु ती १९५९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आहे. महाभारतात काय आहे याचा पुरावा म्हणून ती पुढे करता येत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर दुर्लक्ष केले असते. पण सर्पदंशाचा दावा माणसे मारणारा आहे. त्यामागे एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना जवळजवळ होत नाही आणि दंशाची खूणही धड दिसत नाही. काही वेळाने पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि अखेरीस श्वासाचे स्नायू बंद पडतात. असा माणूस निश्चल पडतो आणि मेल्यासारखा दिसतो, तरी त्याला आजूबाजूचे ऐकू येत असू शकते. वेळेत कृत्रिम श्वास आणि प्रतिविष मिळाले तर तो खरोखर उठून बसतो. तो मेलेलाच नव्हता, आणि त्याला उठवणारा मंत्रही नव्हता. बिनविषारी साप चावलेला किंवा दंशातून विषच न गेलेला माणूस तर काहीही न करता वाचतो, आणि त्याचे श्रेय मांत्रिक घेतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष उपलब्ध आहे. मंत्राची १०८ आवर्तने पुरी होईपर्यंत मण्यारीचे विष श्वासापर्यंत पोहोचू शकते. म्हणून साप चावल्यावर जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला उचलून गाडीत घालावे, जवळचे सरकारी आरोग्य केंद्र गाठावे आणि तेथून सांगितले तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्यावे.