‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा सारांश असा : सरकारी आरोग्य विमा म्हणजे ‘फुकट ते पौष्टिक’. लोक उठसूट डॉक्टरकडे जाणार, रांगा लागणार, तिजोरी रिकामी होणार. त्यापेक्षा खासगी कंपन्यांची स्पर्धा होऊ द्या, खर्च आपोआप उतरेल.

‘उठसूट’च्या मुद्द्यात दम आहे, हे आधी कबूल करतो. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात हजारो लोकांवर यासाठीच प्रयोग केला. खिशाला चाट बसणाऱ्यांनी उपचार खरोखरच कमी घेतले. पण गाळलेल्या उपचारांत गरजेचे आणि बिनगरजेचे जवळजवळ सारखेच निघाले. कुठली छातीतली कळ साधी आणि कुठली जीवघेणी, हे रुग्णाने घरी बसून कसं ओळखायचं?

आता जपान बघा. तिथला माणूस वर्षाकाठी अमेरिकन माणसाच्या दुपटीहून जास्त वेळा डॉक्टरची पायरी चढतो. त्यात तो म्हाताऱ्यांचा देश. तरी जपानचा आरोग्यखर्च जीडीपीच्या ११ टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेचा १७ टक्क्यांच्या घरात. जपानमध्ये १९६१ पासून सगळ्यांना विमा आहे, तो चालवणाऱ्या संस्था हजारोंनी आहेत, बहुतेक रुग्ण ३० टक्के बिल स्वतः भरतात. पण कुठल्या उपचाराला किती पैसे, याचं दरपत्रक देशभर एकच. ते सरकार ठरवतं आणि दर दोन वर्षांनी तपासतं. खर्चाची किल्ली फेऱ्यांपेक्षा दरात आहे, ती अशी.

रांगांचं म्हणाल तर इंग्लंडची प्रतीक्षायादी २०२२ मध्ये ७० लाखांपुढे गेली, हे खरंच. पण ती करातून चालणारी, बहुतांश स्वतःची रुग्णालयं असलेली व्यवस्था, विमा नव्हे. जर्मनीत बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यापासून सक्तीचा विमा आहे, आणि प्रतीक्षा हा तिथे इतका मोठा प्रश्न कधी झाला नाही.

तिजोरी मात्र रिकामी होऊ शकते. अमेरिकेतली वृद्धांसाठीची मेडिकेअर १९६५ पासून सरकारीच. २००३ च्या कायद्याने तिच्यात घरी घ्यायच्या औषधांचा खर्च आला आणि त्याच कायद्याने सरकारला औषध कंपन्यांशी घासाघीस करायला मनाई केली. एवढं मोठं घाऊक गिऱ्हाईक, आणि भाव करायचा नाही! ही मनाई २०२२ मध्ये उठली, तीही ठरावीक औषधांपुरती. मजकूर लिहिणाऱ्याने इथे बोट ठेवलं असतं तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

राहिली स्पर्धा. स्ट्रेचरवरचा माणूस चार रुग्णालयांत दर विचारत फिरत नाही. अडला हरी, दुसरं काय. आरोग्याचा बाजार इतर बाजारांसारखा का चालत नाही, हे अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. विमा कंपन्यांची चढाओढ तर बऱ्याचदा धडधाकट गिऱ्हाईक मिळवण्यासाठी असते. म्हणूनच जुना आजार असलेल्याला विमा नाकारता येणार नाही, असं अमेरिकेला २०१० च्या कायद्यात लिहावं लागलं. त्यानंतरही, एवढा खर्च करून, २०२३ मध्ये तिथले अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. पैशांअभावी घरीच थांबलेल्यांची मोजणी कुठल्याच प्रतीक्षायादीत होत नाही.