चिहिरोचे धैर्य तिने स्वतः कमावलेले आहे
हायाओ मियाझाकी यांच्या २००१ सालच्या ‘स्पिरिटेड अवे’ या जपानी अ‍ॅनिमेशनपटात देवदेवतांच्या स्नानगृहात अडकलेल्या दहा वर्षांच्या चिहिरोला तिथल्या हाकू या मुलाच्या आधारामुळे आत्मविश्वास गवसतो, हे एका लेखातील मत मला अपुरे वाटते. हाकू तिला वाट दाखवतो हे खरे. परंतु स्नानगृहाची मालकीण असलेल्या युबाबा या चेटकिणीपुढे उभे राहून, युबाबा धमकावत असतानाही, काम देण्याची मागणी चिहिरो एकटीच रेटून धरते.

तिच्यातील बदल मला सर्वाधिक जाणवतो तो तिच्या हालचालींत. सुरुवातीला बॉयलरखोलीकडे उतरणाऱ्या लाकडी जिन्यावर ती बसून, एकेक पायरी चाचपत सरकते आणि पायरी मोडताच किंचाळत खाली धावत सुटते. पुढे जखमी हाकूला गाठण्यासाठी तीच मुलगी बाह्या बांधून भिंतीलगतच्या नळावरून धावते आणि नळ निखळत असतानाही शिडी पकडते. या दोन प्रसंगांच्या दरम्यान तिने स्नानगृहाची फरशी पुसली आहे, चिखलाने लडबडलेल्या नदीदेवाच्या अंगात रुतलेल्या सायकलीला दोर बांधला आहे (संपूर्ण चित्रपटात मला हाच प्रसंग सर्वांत प्रिय आहे). तिला जादू येत नाही, ती अखेरपर्यंत साधी मुलगीच राहते. तरीही, सारे स्नानगृह ज्या सोन्यासाठी लाळ घोटत असते ते काओनाशी या मुखवटाधारी आत्म्याने ओंजळ भरून पुढे केले, तेव्हा ती ठामपणे नाकारते.