टोकाचा शब्द दिसला की पर्याय काटायचा?

एमबीए प्रवेशाची राज्याची सीईटी जवळ आली की एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो. यंदा तो भाच्याने पाठवला, खाली 'मामा, खरंय का हे?' असं विचारून. मेसेजचं म्हणणं असं: लॉजिकलमध्ये, म्हणजे तर्काच्या प्रश्नांत, 'सर्व', 'फक्त', 'एकही नाही' असा टोकाचा शब्द असलेला पर्याय हमखास चूक, 'काही'वाला बरोबर. विधान वाचत बसू नका, थेट पर्यायांवर जा. खात्री नसेल तर प्रश्न सोडा, मार्क कापले जातात.

शेवटचं आधी, कारण ते चटकन निकालात निघतं. या सीईटीत चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत. ती भीती कॅटची, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेची. तिथे पर्याय दिलेला प्रश्न चुकला की एक गुण जातो. इथे कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे फुकट घालवलेली संधी. पाचांतले दोन पर्याय जरी काटता आले, तरी उरलेल्या तिनांतला एक ठोकून द्यावा.

आता टोकाचे शब्द. ही विधानं घ्या: सर्व डबेवाले सायकलस्वार आहेत. एकही सायकलस्वार आळशी नाही. निष्कर्ष काय? एकही डबेवाला आळशी नाही. चांगला टोकाचा आहे आणि शंभर टक्के बरोबर आहे. 'काही डबेवाले आळशी आहेत' हा मवाळ दिसणारा पर्याय मात्र साफ चूक. (डबेवाले खरोखर सगळे सायकलवर असतात का, हा विचार परीक्षागृहाबाहेर ठेवायचा.)

ट्रिक अगदीच हवेतून आलेली नाही, हे मान्य. विधानांत नुसतं 'काही' असेल तर त्यातून 'सर्व' निघत नाही, म्हणून तसे पर्याय पुष्कळदा गळतात. पण ते गळतात ते विधानाशी ताडून पाहिल्यावर. विधानच वाचलं नाही तर ताडणार कशाशी?

गृहीतकाच्या, म्हणजे न सांगता धरून चाललेल्या गोष्टीच्या, प्रश्नात तर ही ट्रिक पुरती तोंडावर आपटते. समजा विधान आहे: 'गावातून तालुक्याला जाणारी एसटी सकाळी सातलाच आहे, म्हणून ती चुकली की आज तालुक्याला पोचणं नाही.' यामागचं गृहीतक कोणतं?

अ) काही गावकरी सातच्या एसटीने जातात.
ब) सातनंतर तालुक्याला जायला दुसरं एकही साधन नाही.

मेसेज मानणारा 'अ'वर टिक करून मोकळा होईल. पण पर्याय उलटा करून बघा. 'अ' उलटा केला तर कोणीच त्या एसटीने जात नाही. न का जाईना! एसटी चुकली की पोचणं नाही, हे म्हणणं तरी उभंच राहतं. 'ब' उलटा केला की साडेआठची वडाप निघाली, आणि सगळा युक्तिवाद तिच्यात बसून गेला. जो उलटा केल्यावर म्हणणं कोसळतं तोच पर्याय गृहीतक. त्यात 'एकही' असो नाहीतर नसो.

वेळेचं म्हणाल तर १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. घाई आहेच. पण दोन ओळींचं विधान वाचायला दहा सेकंद पुरतात. न वाचता पाच पर्यायांशी झटापट करण्यात त्याहून जास्त जातात. काय विचारलंय ते आधी बघा, निष्कर्ष की गृहीतक, मग विधान.

आणि 'फक्त'ला घाबरायचं कशाला? पेपर इंग्रजीत असतो, तिथे 'इफ' आणि 'ओन्ली इफ' यांत भलेभले गोंधळतात. मराठीत तो फरक एका 'च'चा. भाचा दहावीत असताना ताई म्हणाली होती, 'अभ्यास संपवलास तरच मॅच.' याने अभ्यास संपवला आणि टीव्हीपुढे बसला. ताईने रिमोट काढून घेतला, 'आधी जेवण.' केवढा आरडाओरडा केला होता त्याने! पण ताईने 'तर' म्हटलं नव्हतं, 'तरच' म्हटलं होतं. अभ्यासाशिवाय मॅच नाही एवढंच ती बोलली होती, अभ्यास झाला की मॅच नक्की असं नाही. तर्काने पाहिलं तर रिमोट काढून घेऊनही तिने शब्द मोडला नव्हता.