जोड नसलेले लाहोरचे गोल

पितळी खगोलांवरच्या, म्हणजे आकाशातले तारे नि नक्षत्रं दाखवणाऱ्या गोलांवरच्या, एका लेखात म्हटलंय की ते दोन अर्धगोल जोडून बनवत. बऱ्याच गोलांबाबत ते खरंच आहे, पण असे गोल बनवणारं लाहोरच्या अल्लाहदादचं घराणं त्यात राहून जायला नको होतं! चार पिढ्यांचं काम आहे ते. पणतू जियाउद्दीन मुहम्मदचे १७व्या शतकातले गोल एकसंध आहेत, मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी पितळ ओतून घडवलेले, कुठेही सांधा नाही. माझे वडील ओतारी होते. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर सगळीकडे सारखा बसवताना त्यांचा श्वास रोखलेला असायचा, मग पोकळ गोल ओतणं म्हणजे काय! नीट पाहिलं तर ओतकामातली छिद्रं बुजवलेल्या पितळी बुचांच्या कडा दिसतात. तारे म्हणजे बसवलेले चांदीचे ठिपके. आणि नक्षत्रं उलटी, कारण आपण आकाशाकडे बाहेरून पाहतोय.