पेनसिल्व्हेनिया रेल्वेला म्हणे विमान दिसलंच नाही!

व्यवस्थापनाच्या वर्गात आणि व्हॉट्सअॅपवर एक धडा फिरत असतो: अमेरिकेतले रेल्वेवाले आपला धंदा 'रेल्वे' समजत राहिले, 'वाहतूक' समजले नाहीत, गिऱ्हाईक ओळखलं नाही, मोटारी-विमानं आली आणि ते बुडाले. १९६० सालच्या एका गाजलेल्या लेखापासून हे सुरू आहे. पुराव्याला बहुतेकदा पेनसिल्व्हेनिया रेल्वे. १८४६ची कंपनी, शंभरावर वर्षं सलग लाभांश देणारी. नेमकं चुकीचं उदाहरण.

'विमान दिसलं नाही' म्हणे. १९२९ मध्ये ट्रान्सकॉन्टिनेन्टल एअर ट्रान्सपोर्ट या विमान कंपनीत तिची भागीदारी होती. न्यूयॉर्कहून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी ओहायोतल्या कोलंबसला विमानात बसायचं, दुसरी रात्र सांता फे रेल्वेच्या गाडीत आणि मग पुन्हा विमान. ४८ तासांत लॉस एंजेलिस! ग्रेहाउंड बसमध्येही तिचा पैसा होता. पुढे १९३५ आणि १९३८च्या कायद्यांनी रेल्वे कंपन्यांना ट्रक आणि विमानांच्या धंद्यात शिरणं अवघड करून ठेवलं. धडा सांगणारे हे गाळतात.

'गिऱ्हाईक ओळखलं नाही' हेही अर्धवट. मालवाहतुकीचे दर आंतरराज्य वाणिज्य आयोग या सरकारी नियामकाच्या हाती होते. रेल्वे स्वतःचे रूळ स्वतः राखायची, वर त्या जमिनीवर कर भरायची. ट्रकवाले इंधनकर देत, हे खरं. पण रस्ते बांधण्या-राखण्याचा व्याप सरकारचा. १९५६ नंतर तर महामार्गांचं जाळंच विणलं गेलं.

साहेबलोक निर्दोष होते असं मुळीच नाही. १९६८ मध्ये जुन्या वैऱ्याशी, न्यूयॉर्क सेंट्रलशी, विलीनीकरण केलं. दोघांच्या संगणकयंत्रणा जुळेनात, मालडबे कुठे अडकलेत याचा पत्ता लागेना. २१ जून १९७०ला या विलीन कंपनीने, पेन सेंट्रलने, दिवाळखोरी जाहीर केली. आणि तेव्हा तिचा पैसा कुठे होता? तेलवाहिनीत, फ्लोरिडाच्या जमिनींत, मनोरंजन उद्यानांत. 'रूळांपलीकडे बघा' हा सल्ला त्यांनी जरा जास्तच मनावर घेतला होता.

राहिलं 'रेल्वे संपली' हे. १९७६ मध्ये सरकारने पेन सेंट्रल आणि इतर बुडालेल्या रेल्वे एकत्र करून कॉनरेल ही कंपनी काढली, १९८०च्या स्टॅगर्स कायद्याने दरांवरची पकड सैल केली, १९८१ला नफा दिसला आणि १९८७ मध्ये तिचे शेअर बाजारात विकले गेले. हे सगळं मालगाड्या चालवूनच. पेनसिल्व्हेनियाने १९३५ मध्ये विजेवर आणलेल्या न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर आज अॅमट्रॅक या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीच्या सर्वांत वेगवान गाड्या धावतात.