ऐन आणि मत्ती

परवाच्या रविवारी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी जाऊन गावामागचा डोंगर चढून आलो. आई, दादा, वहिनी, आम्ही दोघं आणि सगळ्यांची मिळून तीन पोरं. डोंगर मोठा नाही. सरळ चढलं तर पाऊण तासात माथा. आम्हाला अडीच तास लागले. त्या अडीच तासांबद्दलच लिहायचंय.

ऊन पडल्यावरच निघालो. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत आणि थंडीत मादीजवळ पिल्लं असतात, म्हणून आईनं निघतानाच बजावलं, "गप चालायचं नाही. बोलत चला, त्याला आधी कळूदे माणसं येऊलेत म्हणून." एका वळणावर वारूळ उकरलेलं दिसलं. ताजं नव्हतं, तरी पोरं आईला चिकटली. मग तिनं सांगितलं, अस्वल आधी फुंकर मारून माती उडवतं आणि मग तोंड लावून वाळवी आत ओढून घेतं, त्याचा आवाज लांबून येतो. वहिनी हल्याळच्या, घरी कन्नड. त्या म्हणाल्या, "आमच्यात वारुळाला हुत्त म्हणत्यात. अस्वल म्हणजे करडी."

तिथून पुढं चालणं राहिलं बाजूला. माझी लेक, पाचवीतली, दर दहा पावलांवर थांबायला लागली. "आज्जी, हे मगरीच्या पाठीसारखं झाड कसलं?" ऐन. आईनं एक पान उलटं करून देठाजवळच्या दोन गाठी दाखवल्या, ही ऐनाची खूण. तिच्या लहानपणी हा पाला गोठ्यात गुरांखाली अंथरायचे, त्याचं खत होऊन भाताच्या शेतात जायचं. वहिनी म्हणाल्या, मत्ती. जांभळाचं नेरळे, नाणा नावाच्या झाडाचं नंदी, हिरड्याचं अळले. किंजळ आत्ता फळांनी गंजल्यासारखा तांबडा झालाय, अख्खा उतार त्याच रंगाचा दिसत होता. त्याला तिकडं किंदल म्हणतात. "म्हणजे एकच की!" म्हणून लेक टाळ्या वाजवत सुटली.

ही पोरगी इंग्रजी माध्यमात शिकते. ओक, मेपल, पाइन तिला चित्रात बघून ओळखता येतात, आणि तिनं त्यातलं एकही झाड बघितलेलं नाही. ऐन तिनं जन्मल्यापासून जांबोटीच्या रस्त्याला शेकडो वेळा बघितला असेल. नाव मात्र परवा कळलं. चूक तिची नाही. माझी आहे. मलाच वीसातली पाच नावं येत होती, बाकीची माझ्यापर्यंत येऊन थांबली होती.

मी सीमालढ्याच्या मोर्च्यांच्या घरातली मुलगी आहे. 1956 साली हा भाग महाराष्ट्राकडं न येता कर्नाटकाकडं (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेला त्याचं दुःख आमच्या घरात जेवणाच्या ताटावर बोललं जायचं. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण पाटीवर कुठलं अक्षर वर यावं यावर आपण बेळगावकर जेवढं बोललो, त्याच्या दहाव्या हिश्शानं तरी पोरांना रानात नेलं का? मराठी टिकायची तर ती "नाणा", "कुंभा", "गेळा" अशा शब्दांसकट टिकायला हवी. हे शब्द शाळेच्या पुस्तकात नाहीत, मोबाईलवर नाहीत. ते आज सत्तरीतल्या बायकांच्या तोंडात आहेत. आणि कन्नड नावं पोरीला कळली म्हणून तिची मराठी कमी झाली असं मला एक क्षणही वाटलं नाही. उलट दोन नावं मिळालेलं झाड ती विसरली नाही. उतरताना न चुकता दोन्ही म्हणत होती.

माथ्यावर जांभ्या दगडावर बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्लं. तिथं दादानं सांगितलेलं मला फार आवडलं. याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला. आणि याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. माझा सात वर्षांचा भाचा उठला, बाटलीतलं थोडं पाणी इकडच्या अंगाला ओतलं, थोडं तिकडच्या.

सहलींना पोरांना वॉटर पार्कला नेणाऱ्या सगळ्या शाळांना मला मनापासून सांगायचंय, एक वर्ष हे करून बघा. गावातल्या माणसांना आणि फॉरेस्टवाल्यांना विचारून जा, सकाळी उशिरा निघा, दुपारी उतरा. अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना शिरू नका. प्लास्टिक परत आणा.

आम्ही एप्रिलात परत जाणार आहोत. तेव्हा कुंभा फुललेला असेल आणि करवंदं धरायला लागलेली असतील. कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. येताना घरातली आज्जी मात्र बरोबर आणा, आम्ही तिच्या चालीनं चालतो.