आंब्याच्या लस्सीत विष नसतं

उन्हाळा लागला की दर वर्षी एक संदेश घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतो. यंदा तो मावशीने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "पोरांना लस्सी देणं बंद कर गं." संदेशात म्हटलं होतं की दही आणि फळ एकत्र केलं की पोटात विष तयार होतं. फळाच्या आंबटपणाने दही फाटून सडतं, त्यातले चांगले जीवाणू मरतात, अंगावर कोड उठतं. आणि आयुर्वेदाने हे मिश्रण सरसकट निषिद्ध ठरवल्यामुळे पूर्वजांनी ते कधी केलंच नाही. मावशीने काळजीपोटीच पाठवलं, म्हणून तिला एकेका मुद्द्याचं नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिला मुद्दा दही फाटण्याचा. दही म्हणजे आंबटपणाने गोठलेलं दूधच. विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; तो जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला की केसीन नावाचं प्रथिन गोठतं आणि दही लागतं. आधीच गोठलेल्याला आंबा आणखी काय गोठवणार? शिवाय जठरातलं आम्ल कुठल्याही फळापेक्षा कितीतरी तीव्र असतं, त्यामुळे नुसतं दूध प्यायलं तरी ते पोटात गोठतंच. तान्ह्या बाळाने गुळणी काढली की तिच्यात दह्यासारख्या कवड्या दिसतात, त्या याच. त्याला सडणं नाही, पचन म्हणतात.

जीवाणूंचंही तेच. जे जीवाणू स्वतः आम्ल तयार करून त्यातच राहतात, ते चार फोडी आंब्याने मरत नाहीत.

मात्र काही फळांचं दह्याशी खरंच पटत नाही, आणि ते संदेशात कुठेच नाही. न शिजवलेला अननस, पपई आणि किवी यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. अननसाचे तुकडे दह्यात कालवून तासभर ठेवा आणि चमचाभर चाखा. दही पातळ झालेलं असतं आणि जिभेवर मागून कडवटपणा येतो. ते विष नाही, केसीनचे तुकडे झाल्याची ती चव आहे. उपाय सोपा आहे. अननस साखरेत शिजवून गार करून घाला, उष्णतेने ते विकर निकामी होतं. नाहीतर ताजा घालून लगेच पिऊन टाका.

कोडाबद्दल मला विशेष वाईट वाटतं. कोड हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होतो, बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशींवर उलटते. तो खाण्याच्या मिश्रणाने होत नाही आणि स्पर्शाने पसरत नाही. असल्या संदेशांमुळे कोड असलेल्या मुलीला आयुष्यभर "काय खाल्लंस?" हे ऐकावं लागतं.

आता आयुर्वेद. इथे घाईने हो किंवा नाही म्हणून चालणार नाही. विरुद्धाहार, म्हणजे एकमेकांशी न जुळणारे पदार्थ एकत्र खाणं, ही कल्पना ग्रंथांत आहे आणि तिचा विचार गंभीरपणे केलेला आहे. चरकसंहितेत आंबट फळं विरुद्ध म्हटली आहेत ती दुधाबरोबर, आणि दूध व दही हे तिथे वेगळे पदार्थ आहेत. केळं ताक-दह्याबरोबर घेऊ नये असं वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे, तेही मान्य. पण चरकच दह्याबद्दल सांगतो की ते रात्री खाऊ नये, गरम करू नये, आणि तूप-साखर, मध, मुगाचं कढण किंवा आवळा यांच्याशिवाय खाऊ नये. आवळा हे फळच आहे ना? मग "फळ आणि दही सरसकट निषिद्ध" हे आलं कुठून? त्याच संहितेत पुढे असंही आहे की सवयीचा, थोडा घेतलेला, किंवा ज्याचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, प्रदीप्त आहे, जो तरुण आणि व्यायाम करणारा आहे, त्याला विरुद्ध अन्नही बाधत नाही. संदेश लिहिणाऱ्याने ही ओळ वाचली असती तर संदेश निम्मा झाला असता.

पूर्वजांनी केलं नाही म्हणावं, तर दह्यातली केळ्याची कोशिंबीर आणि दहीभातावरचे डाळिंबाचे दाणे कोणी शिकवले? मावशीच्याच घरी पाडव्याला आम्रखंड असतं!

त्यामुळे पोरांना लस्सी द्या, फक्त नीट करा. दोन वाट्या ताजं गोड दही आधी एकटंच रवीने घुसळून गुठळ्या मोडा. मग वाटीभर आमरस, अर्धी वाटी गार पाणी, चिमूटभर मीठ आणि वेलची. साईचं दही मिक्सरमध्ये फार वेळ फिरवलं तर लोणी सुटतं, म्हणून रवीच बरी. साखर सगळ्यांत शेवटी, चाखून. हापूस असेल तर बहुतेक लागतच नाही.

काळजी करायचीच तर या साखरेची करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरची साखर, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगते. मोठे चार चमचे सपाट भरले की ५० ग्रॅम झालेच. मधुमेह असेल तर आमरसही मोजूनच घ्या. दुसरी काळजी बर्फाची. कुठल्या पाण्याचा आहे ते माहीत नसलेला बर्फ लस्सीत पडला तर पोट बिघडतं, आणि दोष बिचाऱ्या आंब्यावर जातो. मी पाणी उकळून, गार करून घरीच बर्फ लावते. मावशीला पहिला पेला त्याच बर्फाचा देणार आहे.